ऊन, धूळ आणि लेझर: गाडीचा डोळा घरी बनवताना

घरात झकास चालणारा लेझर स्कॅनर भर दुपारी गच्चीवर नेला की हमखास गडबडतो. केर काढणाऱ्या रोबोच्या डोक्यावर गरगरणारा छोटा स्कॅनर आता सुटाही मिळतो, खिशाला परवडतो, आणि चालकाविना गाडीचं वेड लागलेली बरीच मंडळी तिथूनच सुरुवात करतात. अशा अनेक स्कॅनरमध्ये लेझरचा ठिपका समोर पाडून शेजारच्या कॅमेऱ्याला तो कुठल्या कोनात दिसतो, त्यावरून अंतर काढलेलं असतं. खोलीपुरतं हे छान आहे. पण अंतर दुप्पट झालं की चूक साधारण चौपट होते, आणि उन्हात तर तो ठिपकाच हरवतो.

म्हणून बाहेरच्या कामाला दुसरी पद्धत लागते: प्रकाशाचा एक स्पंद सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. यालाच लायडार म्हणतात. सांगायला सोपं, पण प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, 30 सेंटीमीटर जातो. जाऊन-येऊन हिशेब केला तर एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात 15 सेंटीमीटरची चूक. हौशी मंडळी वापरतात त्या मूळ आर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डाचं घड्याळ 16 मेगाहर्ट्झचं, म्हणजे त्याच्या दोन ठोक्यांमध्ये 62.5 नॅनोसेकंद जातात. तेवढ्यात नऊ मीटरवरची भिंत गाठून प्रकाश परतसुद्धा आलेला असतो! त्यामुळे वेळ मोजायला वेगळी चिप लावावी लागते. अशा चिपा पन्नास-साठ पिकोसेकंदांपर्यंत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण सेंटीमीटरभर अंतरापर्यंत, फरक ओळखतात.

त्याहून अवघड काम परत आलेला प्रकाश पकडण्याचं. समजा, 75 वॅटचा स्पंद 50 मीटरवरच्या काळपट गाडीवर पडला, तिने त्यातला दहा टक्के प्रकाश चहूकडे विखुरला, आणि आपलं भिंग अडीच सेंटीमीटर व्यासाचं आहे. वाटेतले तोटे सोडले तरी हाती येतो जेमतेम अर्धा मायक्रोवॅट. आणि हा कवडसा टिपायचा तो सूर्य जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे 1,000 वॅट ओतत असताना. यावर उपाय म्हणजे डिटेक्टरपुढे एक अरुंद गाळणी. ती लेझरच्या रंगाच्या आसपासचाच प्रकाश आत सोडते. अशा लायडारमध्ये सर्रास 905 नॅनोमीटरचं अवरक्त लेझर असतं, कारण त्यासाठीचे सिलिकॉनचे डिटेक्टर स्वस्त आणि सहज मिळणारे आहेत.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, पण डोळ्यातलं भिंग तो पडद्यावर नेमका एकवटतं. लेझरचं सर्किट स्वतः बनवण्याची हौस इथे करू नये. ‘क्लास 1’ शिक्क्याचं, म्हणजे नेहमीच्या वापरात डोळ्यांना सुरक्षित असं, तयार अंतरमापक मॉड्यूल विकत घ्यावं आणि खटपट त्याला फिरवण्यात करावी. तिथेही डोकं पुरेसं तापतं.

मॉड्यूलच फिरवलं तर तारांना पीळ बसतो, म्हणून स्लिप रिंग, म्हणजे फिरत्या भागाशी सरकत्या संपर्कांनी जोडणी ठेवणारी कडी, आली. तिचे संपर्क धुळीने खराब झाले की आकडे मध्येच गायब होतात. त्यापेक्षा मॉड्यूल स्थिर ठेवून त्याच्यासमोर 45 अंशात बसवलेला आरसा फिरवावा. आरसा मात्र न्हाणीघरातला नको. त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो आणि पुढची काचही थोडा प्रकाश परतवते. पुढच्याच पृष्ठभागावर मुलामा असलेला आरसा घ्यावा. सगळ्यावर झाकण हवंच, आणि ते किंचित तिरकं, नाहीतर त्याच्यावरून उलटलेला प्रकाश ‘समोर दोन इंचांवर भिंत आहे’ असं सांगत राहतो. झाकणावरची धूळही तेच करते.

मोटारगाड्यांच्या बाबतीत या साऱ्याची कसोटी लागली ती अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटात. 13 मार्च 2004 रोजी ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या चालकाविना गाड्यांच्या शर्यतीत एकही गाडी पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली जेमतेम 12 किलोमीटरवर अडकली. पुढच्या वर्षी पाच गाड्यांनी मार्ग पूर्ण केला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ जिंकली. तिच्या टपावर ‘सिक’ कंपनीचे पाच लेझर स्कॅनर होते. प्रत्येकाचा कल वेगळा, प्रत्येक जण रस्त्याची एकेक रेघ वाचणारा. गाडी धावेल तशा या रेघा जोडून पुढच्या जमिनीचा नकाशा तयार होई. यातली मेख अशी की खड्ड्यात गाडीचं नाक अर्धा अंश जरी झुकलं, तरी 20 मीटरवरच्या बिंदूची उंची 17 सेंटीमीटरने चुकते आणि सपाट रस्त्यावर नसलेला दगड उगवतो. स्टॅनलीचं यश मला तरी लेझरपेक्षा अशा खोट्या दगडांना ओळखणाऱ्या गणितात जास्त दिसतं.

त्याच शर्यतीत डेव्हिड हॉल हा खटपट्या माणूस होता. त्याची कंपनी ‘व्हेलोडाइन’ मुळात सबवूफर बनवायची. एकेक रेघ जोडत बसण्यापेक्षा 64 लेझर एकाच फिरत्या डोक्यात बसवावेत, असं त्याने ठरवलं. 2005 मध्ये त्याची गाडी पोहोचली नाही, पण 2007 च्या शहरी शर्यतीत पार पडलेल्या सहांपैकी पाच गाड्यांच्या डोक्यावर त्याचंच यंत्र होतं.

घरच्या यंत्रात 64 लेझर नसतात, एकच असतं, आणि म्हणून हिशेब कंजुषीने करावा लागतो. मॉड्यूल सेकंदाला 500 मोजमापं देत असेल आणि आरसा पाच फेऱ्या मारत असेल, तर एका फेरीत 100 बिंदू, म्हणजे दर 3.6 अंशांना एक. दहा मीटरवर दोन बिंदूंमधली फट 63 सेंटीमीटर होते. विजेचा खांब त्यातून सहज निसटेल. तेच 100 बिंदू पूर्ण गोलाऐवजी समोरच्या 60 अंशांत वापरले, तर फट साडेदहा सेंटीमीटरवर येते. त्यासाठी फिरत्या आरशाऐवजी मागे-पुढे झुलणारा आरसा लागेल. प्रत्येक बिंदूला त्या क्षणीचा कोन आणि वेळ जोडायला विसरू नये. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी एका झोक्याच्या वेळात, सेकंदाच्या पाचव्या भागात, दोन मीटरहून जास्त पुढे सरकलेली असते. म्हणून पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, माणसाच्या चालीने जाणाऱ्या ढकलगाडीवर घ्यावी.