दोन हेऊम्नो: व्हिस्टुलाकाठचे शहर आणि नेरकाठचे खेडे

ज्यूंच्या वंशसंहाराविषयी वाचताना ‘चेल्म्नो’ हे नाव भेटते आणि ते ठिकाण पाहण्यासाठी नकाशा उघडला की उत्तर पोलंडमध्ये व्हिस्टुला नदीच्या उजव्या काठावर, उंचवट्यावर वसलेले एक तटबंदीचे शहर सापडते. संहार छावणी मात्र त्या शहरात कधीच नव्हती. ती होती हेऊम्नो नाद नेरेम, म्हणजे ‘नेर नदीवरचे हेऊम्नो’, या खेड्यात. आणि ते खेडे शहरापासून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर दक्षिणेला, वुच शहराच्या वायव्येस आहे. (पोलिश उच्चार ‘हेऊम्नो’च्या जवळ जातो; आपल्याकडे लिहिला जाणारा ‘च’ हा रोमन अक्षरे इंग्रजी पद्धतीने वाचल्यामुळे आला आहे.)

दोन्ही नावांच्या मुळाशी जुन्या स्लाव्ह भाषेतील टेकडीवाचक शब्द आहे आणि टेकड्या सगळीकडेच असल्यामुळे अशी नावेही पुष्कळ आहेत. युक्रेनच्या सीमेजवळचे हेऊम हे तिसरेच शहर, तर टोरुन्यच्या उत्तरेचे हेऊम्झा हे चौथे. गोंधळात भर घातली ती जर्मन नावांनी. शहराला जर्मन लोक ‘कुल्म’ म्हणत आणि नाझींनी खेड्याला ‘कुल्महोफ’ हे नाव दिले. १८१३ साली नेपोलियनच्या सैन्याचा पराभव झाला ते ‘कुल्म’ तर पोलंडमध्येही नाही. ते बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे.

शहराची कीर्ती आहे ती एका कायद्यामुळे. माझोव्हिया या पोलिश प्रांताचा सरदार कोनराड याने प्रशियन टोळ्यांविरुद्ध मदत मागण्यासाठी ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला बोलावले आणि त्यांना हेऊम्नोचा मुलूख दिला. पाहुणे पुढे मालक झाले. या संघाने २८ डिसेंबर १२३३ रोजी हेऊम्नो आणि टोरुन्य या दोन शहरांना सनद दिली. नागरिकांना आपले न्यायाधीश निवडण्याचा अधिकार, वारशात स्त्रियांनाही वाटा, साऱ्या मुलखात एकच नाणे आणि जमीन मोजण्याचे एकच माप अशा तरतुदी असलेली ही सनद ‘कुल्म कायदा’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पुढच्या काळात दोनशेहून अधिक शहरांनी ती स्वीकारली. कायद्याचे हे मोजमाप आजही डोळ्यांनी पाहता येते: सोळाव्या शतकातील नगरभवनाच्या मागच्या भिंतीवर सुमारे ४.३५ मीटर लांबीची प्रमाण काठी लावलेली आहे. काटकोनात आखलेले रस्ते, मधला मोठा चौक आणि दोन किलोमीटरांहून लांब, जवळजवळ अखंड उभी असलेली तटबंदी पाहिली की त्या काठीने केवळ शेते मोजली गेली नसावीत, असे वाटल्यावाचून राहत नाही.

राजकीय इतिहास सीमेवरच्या बहुतेक पोलिश शहरांसारखाच आहे: १४६६ च्या तहाने पोलंडच्या राजाकडे, १७७२ मध्ये पोलंडच्या पहिल्या फाळणीत प्रशियाकडे, १९२० मध्ये पुन्हा पोलंडकडे. रणगाडा युद्धतंत्राचा पुरस्कर्ता हाइन्झ गुडेरियान १८८८ मध्ये येथेच जन्मला आणि नाझींच्या छावण्यांत वर्षानुवर्षे डांबला गेलेला समाजवादी नेता कुर्ट शूमाखर १८९५ मध्ये, तोही येथेच. सध्या शहराची लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास आहे आणि ते स्वतःला ‘प्रेमिकांचे शहर’ म्हणवते, कारण तेथील मुख्य चर्चमध्ये संत व्हॅलेंटाइनचा अवशेष जपलेला आहे.

खेड्याकडे असे सांगण्यासारखे काही नव्हते, आणि बहुधा म्हणूनच ते निवडले गेले. आडबाजूचे एक गाव, त्यात रिकामा पडलेला जमीनदारी वाडा, चार किलोमीटरांवर झुखुफचे जंगल आणि चौदा किलोमीटरांवर कोवो हे रेल्वे स्थानकाचे गाव. ८ डिसेंबर १९४१ रोजी येथे हत्याकांड सुरू झाले. ‘अंतिम उपाया’चा, म्हणजे ज्यूंच्या संहाराच्या नाझी योजनेचा, समन्वय साधणारी वान्झे येथील बैठक त्यानंतर सहा आठवड्यांनी भरली. ज्यूंना विषारी वायूने सामूहिकरीत्या मारण्यासाठी उभारलेले हे पहिले कायमस्वरूपी केंद्र. येथे वायूच्या खोल्या नव्हत्या, मालमोटारी होत्या. आलेल्या लोकांना वाड्यात नेऊन, कामावर पाठवण्यापूर्वी अंघोळ करायची आहे, असे सांगून कपडे उतरवले जात. मग तळघराच्या बोळातून त्यांना थेट बंद गाडीत ढकलले जाई. इंजिनाचा धूर आत सोडून त्यांना मारले जाई आणि गाडी प्रेते घेऊन जंगलाकडे निघे. वुचच्या गेट्टोतील, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील, सत्तर हजारांच्या आसपास ज्यू १९४२ मध्ये येथे मारले गेले. त्याशिवाय आसपासच्या गावांतील ज्यू आणि ऑस्ट्रियातून आणलेले रोमा (जिप्सी) लोकही. एप्रिल १९४३ मध्ये वाडा उडवून दिला गेला, १९४४ च्या उन्हाळ्यात हत्या पुन्हा सुरू झाल्या, आणि जानेवारी १९४५ मध्ये उरलेल्या कैद्यांना गोळ्या घालून जर्मन पळाले. मृतांच्या संख्येचे अंदाज दीड लाखांपासून दोन लाखांपर्यंत जातात, आणि वाचलेल्यांची नावे मात्र बोटांवर मोजता येतात: मिखाऊ पोदख्लेब्निक, शिमोन स्रेब्निक, मिएचिस्वाव झुरावस्की.

या गल्लतीने दोन्ही ठिकाणांवर अन्याय होतो, पण सारखा नाही. शहराच्या माथी दुसऱ्याचे पाप येते हे खरे. तरीही शहर नाझी काळापासून अलिप्त राहिले, असा उलटा समज करून घेणेही चूक ठरेल, कारण १९३९ च्या शरद ऋतूत जवळच्याच क्लाम्री येथे स्थानिक जर्मनांच्या सशस्त्र पथकांनी पोलिश नागरिकांना मोठ्या संख्येने ठार केले. खेड्याचे नुकसान मला अधिक गंभीर वाटते: ‘नाद नेरेम’ हे दोन शब्द गळले की गुन्ह्याची जागाच हरवते.

जुन्या कागदपत्रांत नाव अर्धवट असेल, तर सर्वांत खात्रीची खूण म्हणजे प्रशासकीय विभाग. दोन्ही गावे १९३९ मध्ये थेट जर्मन राष्ट्रात सामील केली गेली, मात्र शहर डान्झिग-पश्चिम प्रशिया या विभागात गेले आणि खेडे वार्थेलांडमध्ये. आजच्या प्रवाशानेही तिकीट काढताना हाच विवेक ठेवावा: छावणीचे संग्रहालय पाहायचे असेल तर उतरायचे स्थानक कोवो आहे.