पिकलंय का? गळू आणि त्वचेच्या संसर्गामागचा इतिहास

गळू दाखवायला गेलं की डॉक्टर आजही आधी बोटं लावून पाहतात. एका बोटाने हलकेच दाबायचं आणि दुसऱ्या बोटाखाली काही हलतंय का ते बघायचं. आत पू साठला असेल तर लाटेसारखं जाणवतं, नुसतीच सूज असेल तर भाग टणक आणि गरम लागतो. चिरायचं की फक्त औषध द्यायचं, हे बरंचसं इथेच ठरतं. शंका उरली तर सोनोग्राफी करतात.

हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्ची सूज अज्ञानाने चिरणारा आणि पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करणारा, या दोघांनाही तिथे सारखंच दोषी धरलं आहे. आजच्या तरुण डॉक्टरलाही ते तसंच्या तसं शिकवावं, इतकं ते नेमकं आहे.

युरोपात मात्र अनेक शतकं जखमेत घट्ट, पांढरा पू धरणं हे बरं होण्याचं लक्षण मानलं जाई. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक ॲसिड या जंतुनाशकाने जखमा धुण्याची पद्धत 1867 मध्ये प्रसिद्ध केली आणि पुवाविना जखम भरते हे दाखवून दिलं. पण पू नेमका कशामुळे होतो, हे कोडं उरलंच. ते 1880 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी सोडवलं. रुग्णाच्या गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्यांना गोल जंतूंचे घोसच्या घोस दिसले. तो पू उंदरांना टोचला तर त्यांनाही गळवं आली. द्राक्षांच्या घोसाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या जंतूला 'स्टॅफिलोकोकस' नाव दिलं. पुढे 1883 मध्ये जर्मन डॉक्टर फेलआयझन यांनी विसर्पाच्या, म्हणजे कातडीवर पसरत जाणाऱ्या लाल सुजेच्या, रुग्णांमधून साखळीने वाढणारा स्ट्रेप्टोकोकस वेगळा काढला.

इथून चित्र बरंच उलगडलं. स्टॅफिलोकोकस बहुधा एका जागी तळ ठोकतो, म्हणून केसतूड आणि गळू. स्ट्रेप्टोकोकस पेशींमधली बांधणी सैल करणारी द्रव्यं सोडत पुढे सरकतो, म्हणून पू न धरता पसरत जाणारी लाली. दोघे एकमेकांच्या हद्दीत शिरतातच, पण उपचाराचा पहिला अंदाज आजही याच फरकावर बांधला जातो.

औषधं आली ती विसाव्या शतकात. फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं गेलं. संसर्गाने त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, ते जेवू लागले. साठा इतका तुटपुंजा होता की त्यांच्या लघवीतून औषध परत मिळवून पुन्हा टोचत होते. तरीही ते संपलं, आणि 15 मार्चला त्यांचा मृत्यू झाला. औषध लागू पडत होतं आणि पुरलं नाही, ही गोष्ट वाचताना आजही जीव तुटतो. पुढे पेनिसिलिन मुबलक झालं आणि स्टॅफिलोकोकस त्याला दाद देईनासा झाला. 1959 मध्ये त्यावर मेथिसिलिन हे नवं प्रतिजैविक आलं, तर 1961 मध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. तेच एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस.

म्हणूनच पिकलेल्या गळवावर चिरून निचरा करणं हाच मुख्य उपाय राहिला. पुवाच्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे औषध तिथवर नीट पोहोचत नाही. अमेरिकेतल्या 2016 च्या एका चाचणीत सगळ्यांच्या गळवांचा निचरा केला होता. ठरलेला उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी प्रतिजैविक घेतलेले सुमारे 93 टक्के बरे झाले, आणि नुसतं दिखाऊ औषध घेतलेलेही जवळपास 86 टक्के. गोळ्यांचा फायदा आहे, पण मोठं काम चिरेनेच केलेलं असतं.

एका प्रकारात मात्र पिकण्याची वाट पाहणं जिवावर बेततं. स्नायूंवरचं आवरण सडवणारा हा संसर्ग अमेरिकी यादवी युद्धातल्या रुग्णालयांत 'हॉस्पिटल गँगरीन' म्हणून कुप्रसिद्ध होता. 'नेक्रोटायझिंग फॅसायटिस' हे नाव त्याला 1952 मध्ये मिळालं. वरून कातडी साधीच लाल दिसते, पण दिसतं त्याच्या मानाने दुखणं असह्य असतं. आतल्या रक्तवाहिन्यांत रक्त गोठलेलं असल्यामुळे एकट्या प्रतिजैविकावर भागत नाही, मेलेला भाग तातडीने कापून काढावा लागतो. पसरणारी लाली घेऊन आलेल्या रुग्णाच्या कातडीवर लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवतात, ती यासाठीच. काही तासांतच लाली रेघ ओलांडून झपाट्याने पुढे गेली आणि दुखणंही वाढत चाललं, तर सकाळची वाट न पाहता शल्यचिकित्सकाला बोलावतात.