तीन शब्द, दोन झाडं

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कुणी म्हणालं, ‘मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभा आहे’, तर जुनं काय? पुस्तकं की दुकान? ‘जुनं दुकान’ असलं तरी ‘दुकानात’ म्हटलं की विशेषणाचं ‘जुन्या’ होतं, आणि ‘जुन्या पुस्तकांच्या’मध्येही तेच रूप. वाक्य म्हणजे नुसती शब्दांची रांग असती, तर हा प्रश्नच पडला नसता. शब्द कसे गटागटाने जोडले जातात, त्यावर अर्थ ठरतो. ही जोडणी दाखवणारी आकृती म्हणजे पार्स ट्री.

ती काढायला आधी नियम लागतात. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५६ साली मांडलेलं संदर्भमुक्त व्याकरण, म्हणजे आजूबाजूचे शब्द न पाहता कुठल्या गटांतून कुठला गट बनतो ते सांगणारे नियम, इथे पुरतं. ‘पुस्तकांच्या’सारखा ‘चा-ची-चे’ लागलेला गट म्हणजे षष्ठीगट, ‘दुकानात’सारखा नामाभोवतीचा गट म्हणजे नामगट. आपले नियम तीनच. विशेषण आणि षष्ठीगट मिळून षष्ठीगट. विशेषण आणि नामगट मिळून नामगट. षष्ठीगट आणि नामगट मिळूनही नामगट.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. वाक्यातल्या सलग शब्दांच्या प्रत्येक तुकड्यासाठी कोष्टकात एक घर आखायचं. एकेका शब्दाची घरं आधी भरायची: ‘जुन्या’ विशेषण, ‘पुस्तकांच्या’ षष्ठीगट, ‘दुकानात’ नामगट. मग दोन शब्दांची: ‘जुन्या पुस्तकांच्या’ षष्ठीगट, ‘पुस्तकांच्या दुकानात’ नामगट. शेवटी तिन्ही शब्दांचं घर. ते पहिल्या शब्दानंतर तोडा किंवा दुसऱ्यानंतर, दोन्ही वेळा नामगटच मिळतो. कुठला गट कुठल्या दोन घरांतून बनला हे बाणांनी दाखवलं, तर त्या एकाच घरातून खाली बाणांच्या दोन जोड्या निघतात. बाण धरून उतरलं की दोन झाडं हाती येतात: एकात दुकान जुनं, दुसऱ्यात पुस्तकं. १९६०च्या दशकात कॉक, यंगर आणि कासामी यांनी ही रीत स्वतंत्रपणे शोधली. तिची ताकद लांब वाक्यात कळते. कुठलेही दोन शेजारी गट जोडायची मुभा असेल, तर दहा शब्दांची ४,८६२ झाडं होतात; कोष्टकात घरं मात्र ५५. वाक्य दुप्पट लांबलं की काम साधारण आठपट वाढतं, हाताबाहेर जात नाही.

व्याकरण आणि संगणक यांचा विषय निघाला की ‘नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलं’ हा निरोप अजूनही फिरतो. १९८५ साली नासाच्या एका केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज या संशोधकाने संस्कृत शास्त्रग्रंथांतलं वाक्यविश्लेषण आणि संगणकातली ज्ञानाची मांडणी यांतलं साम्य दाखवणारा लेख लिहिला होता. नासाने असा कुठलाही निर्वाळा दिलेला नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीची थोरवी त्याच्या सूत्रांत आहे, ती सूत्रं वाचावीत.

करून पाहायचं असेल तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला, भाषेवर काम करणारा मोफत संच ‘एनएलटीके’ घ्या. नियमांतल्या गटांची नावं रोमन अक्षरांत ठेवा, शब्द अवतरणचिन्हांत देवनागरीत लिहा. त्यातला चार्ट पार्सर, म्हणजे कोष्टकाने वाक्य फोडणारा भाग, अशीच अर्धवट उत्तरं साठवत जातो आणि ‘ड्रॉ’ म्हटलं की खिडकीत झाड उघडतो. छापण्याजोगी आकृती हवी असेल तर लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतलं ‘फॉरेस्ट’ उत्तम. मात्र ते नियम वापरून वाक्य फोडत नाही, कंसांत लिहिलेलं झाड फक्त रेखाटतं. फांद्या एकमेकींवर चढू न देता जवळ आणणं हा निराळा प्रश्न, आणि राइनगोल्ड व टिलफर्ड यांनी १९८१ साली त्यावर दिलेली रीत आजही आधाराला घेतली जाते.