दृष्टिहीनांचे साक्षरता-शिक्षण

पूर्णतः वा अंशतः दृष्टी नसलेल्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याचे शास्त्र व पद्धती. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ब्रेलमधील (बोटाने वाचायच्या उठावाच्या टिंबांच्या लिपीतील) प्रारंभिक वाचन-लेखनाचा, आणि डोळस मुलांच्या अनुभवावर उभे राहिलेले सर्वसाधारण शिक्षणसिद्धांत तेथे कितपत लागू पडतात याचा विचार केला आहे. वाचन म्हणजे लिपीची उकल आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार, अशी मांडणी गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये केली. बेरीज न म्हणता गुणाकार म्हटला, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर वाचनही शून्यच. ब्रेलच्या अभ्यासकाला ही मांडणी फार उपयोगी पडते. आकलनाविषयीचे सिद्धांत दृष्टिहीन मुलांनाही बव्हंशी लागू होतात; उकलीच्या बाजूला डोळ्याची जागा बोट घेते आणि तेथे प्रत्येक सिद्धांत बोटापाशी नेऊन पुन्हा तपासावा लागतो.

पूर्वपीठिका : व्हॅलेंताँ आयुई याने पॅरिसमध्ये १७८४ च्या सुमारास (काही ठिकाणी १७८५ असे साल आढळते) अंधांची शाळा काढली आणि कागदावर उठावाची रोमन अक्षरे छापली. डोळस वाचतात तेच अंधांनी वाचावे, हा त्यामागचा विचार. परंतु रेघेचे वळण डोळ्याला जितके सहज दिसते तितके बोटाला उमगत नाही. टिंब मात्र चटकन लागते. शिवाय ही अक्षरे वाचता आली, तरी मुलांना ती सहजी लिहिता येत नसत. याच शाळेपुढे शार्ल बार्बिये याने १८२०-२१ च्या सुमारास आपली टिंबांची पद्धत ठेवली. नेपोलियनच्या सैनिकांना रात्रीच्या अंधारात निरोप वाचता यावेत म्हणून ती निघाली, ही कथा जुन्या संदर्भग्रंथांतून सर्रास येते. बार्बिये लष्करात अधिकारी होता हे खरे. पण त्याच्या स्वतःच्या लिखाणाचा अलीकडे जो शोध घेतला गेला त्यावरून, ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही अशा सामान्यांसाठी, आणि त्यांत अंधांसाठीही, त्याने ही खटपट केली असावी असे दिसते. लष्करी कथा मागाहून चिकटली असणे अधिक संभवते.

शिक्षणाच्या दृष्टीने याहून मोलाचा फरक दुसराच आहे. बार्बियेची पद्धत उच्चारांची होती. शब्द कानाला जसा ऐकू येतो तसा टिंबांत उतरवायचा, आणि एका चिन्हाला १२ पर्यंत टिंबे. त्या शाळेतला विद्यार्थी लुई ब्रेल (१८०९–५२) याने टिंबे ६ वर आणली, म्हणजे संपूर्ण चिन्ह बोटाच्या पेराखाली एका स्पर्शात मावू लागले. आणि उच्चार सोडून वर्ण धरले. त्याची पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली व १८३७ मध्ये सुधारून आली. झटपट निरोपापुरती साक्षरता हवी, की डोळसांच्या बरोबरीचे शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि ग्रंथ हवेत, हा प्रश्न त्या एका बदलात सामावलेला होता. ब्रेलने दुसरी बाजू घेतली आणि ती स्वतः एका अंध मुलाने घेतली, हे विसरून चालणार नाही.

भारतात १९ व्या शतकाच्या अखेरीपासून ओरिएंटल, शिरेफ, शहा, नीलकंठराय अशा अनेक ब्रेल संहिता चालत होत्या. एका प्रांतात शिकलेल्या मुलाला दुसऱ्या प्रांतातले पुस्तक लागत नसे. युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या बैठकांनंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारले गेले. मराठी ब्रेल हे त्याचेच रूप होय.

स्पर्शाचे एकक : डोळस मूल सरावाने ओळखीचा शब्द एका नजरेत उचलते. संपूर्ण शब्द दाखवून वाचन शिकवण्याची पद्धत यावरच आधारलेली आहे. बोटाखाली एका वेळी सहा टिंबांचे एकच घर येते (टिंबांचे क्रमांक डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६). नोलन आणि केडेरिस यांनी १९६९ मध्ये, ब्रेल वाचनाचे एकक शब्द नसून घर आहे, असा निष्कर्ष काढला. सुझॅना मिलर यांनी पुढे (१९९७) यात मोलाची दुरुस्ती केली : नवशिक्याला घराचा आकार म्हणून काही जाणवतच नाही, जाणवतो तो टिंबांचा दाटपणा, पोत, आणि सराईत वाचकाला बोट सरकत असताना बदलत जाणारा पोतच शब्दापर्यंत नेतो. वर्गात मुलांचे हात पाहिले तर मिलर यांचे म्हणणे अधिक पटते. नवे मूल टिंबांवर बोट दाबून, वरखाली घासत थांबते. सराईत मुलीचे बोट हलकेच, न थांबता आडवे जाते आणि तिचा डावा हात तोवर पुढच्या ओळीची सुरुवात शोधून ठेवतो. म्हणून ‘आधी अक्षर पक्के, मग ओळ’ हा डोळसांच्या वर्गातला क्रम येथे पुरत नाही. ओळीवरून हात फिरवण्याचा सराव अक्षरओळखीच्या आधीपासून लागतो. माँटेसरींच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांचा येथे थेट उपयोग नाही, कारण ती गिरवण्याची रेघ आहेत. हात आधी, लिपी मागून, हे त्यांचे तत्त्व मात्र तंतोतंत लागू पडते.

मराठी ब्रेलचे वेगळेपण : परदेशी संशोधन बहुतांश इंग्रजी ब्रेलवरचे आहे आणि ते मराठीला लावताना सावध राहावे लागते. भारती ब्रेलमध्ये मात्रा व्यंजनाला चिकटत नाही. तो स्वरच पुढच्या घरात बसतो. ‘पिशवी’ म्हणजे प, इ, श, व, ई अशी पाच घरे, उच्चाराच्या क्रमाने. छापील लिपीत जी वेलांटी आधी काढून नंतर उच्चारावी लागते, तिचा गोंधळ येथे उद्भवतच नाही. जोडाक्षरात हलन्ताचे टिंब (क्रमांक ४) अर्ध्या व्यंजनाच्या आधी येते : ‘पुस्तक’ म्हणजे प, उ, हलन्त, स, त, क. रफार असो वा ‘प्र’मधला र, बोटाखाली र एकच. डोळस मुलाला क ते कः ही बारा रूपे ओळखायची असतात. ब्रेल शिकणाऱ्याला क आणि स्वर पुरतात. बाराखडी त्याने म्हणावी ती ध्वनींच्या सरावासाठी. ध्वनी-अक्षर संबंध सुटा करून शिकवावा, असे सांगणारे सिद्धांत मराठी ब्रेलला छापील मराठीपेक्षाही अधिक जुळतात, असे म्हणण्यास जागा आहे.

अडचण येते ती दुसरीकडे. व्यंजनात मुरलेल्या अ नंतर स्वतंत्र स्वर आला, तर मध्ये अ लिहावा लागतो. क, ढ, ई अशी घरे आली तर ती ‘कढी’. ‘कढई’ हवी असेल तर क, ढ, अ, ई. ‘मऊ’, ‘सई’ यांचेही तेच. छापील पाठ्यपुस्तकात या शब्दांना कसलाही खास धडा नसतो, कारण तेथे गरज नाही. पाठ्यपुस्तक नुसते ब्रेलमध्ये उतरवून भागत नाही ते अशा ठिकाणी. धड्यांचा क्रमही बोटाच्या सोयीने लावावा लागतो. ज आणि ह, इ आणि ए, र आणि ठ, ओ आणि औ या जोड्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. त्या पाठोपाठ शिकवू नयेत. ओ-औ स्वरमालेत शेजारी येतात म्हणून वर्गातही शेजारी शिकवले जातात, हे टाळण्याजोगे आहे.

लेखन : ब्रेलच्या पाटीवर, म्हणजे घरांच्या खाचा असलेल्या चौकटीत, कागद अडकवून टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि टिंबे कागदाच्या मागे उठतात. बाजू चुकली, तर ज लिहायचा तेथे ह उमटतो, आणि हे मुलाला कागद काढून उलटा केल्यावरच कळते. ‘उजवी-डावी’ऐवजी ‘पहिली बाजू, दुसरी बाजू’ असे शब्द वापरले तर हा गोंधळ पुष्कळ कमी होतो. खर्डा करा, वाचा, सुधारा, पुन्हा लिहा, ही लेखनप्रक्रियेवर भर देणारी शिकवण पाटीवर जवळपास अडून पडते. १९५१ मध्ये आलेल्या पर्किन्स या ब्रेल टंकयंत्रावर टिंबे लगेच हाताखाली येतात. त्या शिकवणीला खरा वाव यंत्रावर मिळतो.

वाचनपूर्व अनुभव : मेरी क्ले यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की मूल शाळेत येण्याआधीच साक्षर होऊ लागलेले असते. एसटीवरची पाटी, बिस्किटाचा पुडा, दारावरचे नाव यांतून लिहिलेल्याला अर्थ असतो हे त्याला उमगते. दृष्टिहीन मुलाच्या भोवती असे काही आपोआप नसते. ते मुद्दाम ठेवावे लागते. डब्यावर, खुर्चीवर, कपाटावर ब्रेल पट्ट्या लावणे आणि गोष्टीतल्या वस्तू एका पेटीत घालून मुलाच्या हाती देणे, हे त्यावरचे रूढ उपाय होत. अनुभवाशिवायचे शब्द पोकळ राहतात, असा इशारा थॉमस कट्सफोर्थ या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दिला होता. लँडाऊ आणि ग्लाइटमन यांनी १९८५ मध्ये, जन्मांध मूलही ‘बघ’सारखी क्रियापदे स्वतःच्या अर्थाने नीट वापरते, असे दाखवून त्या मताला मर्यादा घातली. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनीही अंध मुलाचा विकास मुख्यतः भाषा आणि सहवास यांतून होतो, असे प्रतिपादले होते. वस्तू हाताळायला द्याव्यात हे निर्विवाद. पण हाताळली नाही म्हणून कविता वर्ज्य करणे अन्यायाचे ठरते.

अमेरिका व कॅनडात २००२–०७ दरम्यान झालेल्या अभ्यासात, इंग्रजी ब्रेलमधील संक्षेप (अनेक अक्षरांऐवजी वापरायची आखूड चिन्हे) लवकर व अधिक संख्येने शिकलेल्या मुलांची वाचनातील प्रगती चांगली आढळली. मराठी ब्रेलमध्ये क्ष, ज्ञ यांसारखी एकेरी चिन्हे सोडली तर संक्षेप रूढ नाहीत. त्यामुळे संक्षेप कधी व किती शिकवावेत हा वाद येथे गैरलागू आहे. ध्वनिमुद्रित पुस्तके आणि पडदा वाचून दाखवणारी संगणकप्रणाली यांनी माहिती सुलभ केली, तरी ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ‘आणि’मधला णि ऱ्हस्व आहे हे कानाला सांगता येत नाही. ते बोटालाच कळते : शेवटच्या घरात २-४ ही टिंबे असतील तर इ, ३-५ असतील तर ई.

मराठीत नियमित ब्रेल वाचनासाठी ‘स्पर्शज्ञान’ हे पाक्षिक १५ फेब्रुवारी २००८ पासून निघू लागले. ब्रेलच्या मोठ्या पानावर साधारण २५ ओळी आणि ओळीला ४० घरे मावतात. त्यामुळे शाळेच्या एका पुस्तकाचे अनेक जाड खंड होतात, आणि ते पाठीवर न्यावे लागतात.