हर्णैचा तांडेल आणि रोमचा मुसोलिनी

मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, पण म्हणून १ ऑगस्टला कोकणातल्या हर्णै बंदराची प्रत्येक बोट सुटतेच असं नाही. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, वारा बघतो, उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) ते बघतो, आणि मनाला पटलं नाही तर बोट नांगरावरच राहते. मालकाची घाई असते, बर्फ-डिझेलचा खर्च झालेला असतो, तरीही. तांडेल मुळात नम्र असतो असं कुणी समजू नये. किनाऱ्यावर त्याच्या बढाया ऐकाव्यात! पण समुद्रात अंदाज चुकला की जाळं रिकामं नाहीतर फाटून येतं, आणि संध्याकाळच्या लिलावात ते सगळ्या बंदराला दिसतं.

माणसाची खात्री कितपत खरी, हे मोजायची मानसशास्त्रात एक सोपी रीत आहे. ज्या ज्या वेळी तुम्ही ‘७० टक्के खात्री आहे’ म्हणालात, त्यांतल्या साधारण ७० टक्के वेळा तुम्ही बरोबर निघायला हवं. अवघड प्रश्नांवर बहुतेक जण इथे आपटतात. खात्री जास्त, अचूकता कमी. अमेरिकेतले हवामान अंदाजकार मात्र चांगले उतरले. ते ३० टक्के पाऊस म्हणाले, तर तशा दिवसांपैकी सुमारे ३० टक्के दिवशी खरंच पाऊस. रोज अंदाज, आणि दुसऱ्या दिवशी आभाळाचं उत्तर!

मग फाजील आत्मविश्वास उत्क्रांतीत टिकला कसा? डॉमिनिक जॉन्सन आणि जेम्स फाउलर यांनी २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये याचं गणिती प्रारूप मांडलं. मिळणारं घबाड भांडणाच्या खर्चापेक्षा पुरेसं मोठं असेल, तर फुशारकीनं पुढे घुसणाऱ्याला सरासरीत फायदा होऊ शकतो. जॉन्सन यांच्याच आधीच्या एका प्रयोगात लोकांना संगणकावर युद्धाचा खेळ खेळायला लावला होता. त्यात स्वतःबद्दल अवास्तव अपेक्षा असलेले लोक कुरापत नसतानाही हल्ला करण्याची शक्यता जास्त होती.

हुकूमशहाची गोची अशी की, चूक दाखवणारी सगळी दारं तो स्वतःच बंद करतो. १५ ऑक्टोबर १९४० ला रोममध्ये मुसोलिनीने ग्रीसवरच्या स्वारीसाठी बैठक घेतली. हिटलरने न सांगता रुमानियात फौजा घातल्याचा राग डोक्यात होता. नौदल आणि हवाई दलाच्या प्रमुखांना बोलावलंच नाही. अल्बानिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता, स्वारी तिथूनच व्हायची होती. तिथला राज्यपाल याकोमोनी म्हणाला, अल्बानियन लोक लढायला उतावीळ आहेत. सेनापती विस्कोंती प्रास्का म्हणाला, ग्रीक काही लढणारी माणसं नव्हेत. सरसेनापती बादोल्योने वीसेक डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) लागतील असं सुचवलं खरं, पण अडून बसला नाही. अल्बानियात त्याच्या निम्म्याही नव्हत्या. वर त्याच महिन्यात इटलीतले लाखो सैनिक घरी पाठवायचा हुकूम सुटलेला. आणि तोंडावर डोंगराळ मुलखातला हिवाळा!

२८ ऑक्टोबरला हल्ला झाला. इटलीची ज्युलिया डिव्हिजन ग्रीसच्या पिंडस पर्वतात चिखल तुडवत पुढे गेली आणि दोन्ही बाजूंनी कोंडली गेली. ‘न लढणाऱ्या’ ग्रीकांच्या खेड्यांतल्या बायका पाठीवरून दारूगोळा वर वाहत होत्या. दोन आठवड्यांत विस्कोंती प्रास्काला हटवलं; १४ नोव्हेंबरला ग्रीकांनी उलट चढाई केली आणि आठवडाभरात अल्बानियातलं कोर्चा शहर घेतलं.

लोकशाहीतले नेते काही फार शहाणे असतात अशातला भाग नाही. पण तिथे नाक खुपसणारे विरोधक असतात, वर्तमानपत्रं असतात, मतपेटी असते. मुसोलिनीपाशी उरले होते ते होयबा, आणि त्यांना नोकरी टिकवायची होती.

मार्च १९४१ मध्ये नवी चढाई डोळ्यांदेखत बघायला तो स्वतः अल्बानियात गेला. तीही आठवड्याभरात फसली. शेवटी एप्रिलमध्ये जर्मन फौजा उतरल्या, तेव्हा कुठे ग्रीस पडला.