जखमेतला कॅल्शियम आणि गोळीची ओळख

गोळीबाराच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: जखमेतल्या अवशेषांवरून गोळी कोणत्या कंपनीची ते प्रयोगशाळेत कळेल. तसं कळत नाही. जखमेवरून कळतं ते काडतुसाचं घराणं, म्हणजे त्याच्या टोपीत कोणतं मिश्रण होतं आणि गोळी उघड्या शिशाची होती की तांब्याच्या वेष्टनाची. कारखाना सांगते ती रिकामी पुंगळी. तिच्या बुडावर खडकीचा 'केएफ' किंवा वरणगावचा 'ओएफव्ही' असा ठसा असतो. पुंगळी उचलून नेली असेल आणि गोळी आरपार गेली असेल, तेव्हा जखमेच्या कडेच्या रसायनशास्त्राला खरी किंमत येते.

काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या टोपीवर आघात झाला की तिच्यातलं मिश्रण पेटतं आणि त्या ज्वाळेने मुख्य दारू पेटते. नेहमीच्या मिश्रणात पेट घ्यायला लेड स्टिफनेट, ऑक्सिजन पुरवायला बेरियम नायट्रेट आणि इंधन म्हणून अँटिमनी सल्फाइड असतं. त्या उष्णतेत शिसं, बेरियम आणि अँटिमनी यांची एकत्र वाफ होते आणि क्षणात थिजून अर्ध्या ते दहा मायक्रॉनचे गोलसर कण बनतात. ही तिन्ही मूलद्रव्यं एकाच कणात सापडणं महत्त्वाचं. वेगवेगळी ती कुठेही मिळतात: दिवाळीच्या काही फटाक्यांत बेरियम सापडतं, पण ॲल्युमिनियम आणि पोटॅशियमबरोबर, गाडीच्या ब्रेकच्या धुळीत बेरियम आणि अँटिमनी असतात, पण सोबत भरपूर लोखंड. पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची) बऱ्याच काडतुसांत अँटिमनी नसतंच. शिसेविरहित काडतुसांत टायटॅनियम आणि जस्त येतं. जर्मन पोलिसांच्या काही काडतुसांत तर ओळख पटावी म्हणून मुद्दाम गॅडोलिनियम किंवा गॅलियम घालतात.

जवळून झाडलेल्या गोळीबरोबर धूर आणि अर्धवट जळलेले दारूचे कणही कातडीवर बसतात. लांबून झाडली तर उरतं ते फक्त छिद्राभोवतीचं काळपट कडं. आत शिरताना गोळी स्वतःच्या अंगावरची काजळी आणि धातू तिथे पुसून जाते. हे कडं आत शिरल्याच्या बाजूला असतं, बाहेर पडल्याच्या नाही.

कण शोधायचा तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात. कार्बनची चिकट पट्टी लावलेली ॲल्युमिनियमची छोटी चकती जखमेच्या कडेवर हलके दाबून उचलायची. परत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या चित्रात जड मूलद्रव्यं चमकतात. त्या चमकत्या ठिपक्यावर इलेक्ट्रॉनचा झोत रोखला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्षकिरण सोडतं आणि पडद्यावर शिखरं उमटतात. इथपर्यंत सोपं आहे. अडचण अशी की हे किरण टिपणारा नेहमीचा शोधक (डिटेक्टर) १३० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचाच फरक नीट वेगळा करतो, आणि माणसाचं शरीर नेमक्या नको त्या ऊर्जेवर बोलतं.

अँटिमनीचं मुख्य शिखर ३.६० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर, तर कॅल्शियमचं ३.६९ वर. गोळी हाडाला लागली असेल तर जखमेत हाडाचा चुरा असतो आणि त्याचा कॅल्शियम अँटिमनीला झाकून टाकतो, किंवा नसलेल्या अँटिमनीचा भास करून देतो. मग अँटिमनीचं दुसरं शिखर, ३.८४ चं, बघावं लागतं. जखम आयोडीनच्या औषधाने पुसली असेल तर आयोडीनचं शिखर ३.९४ वर उभं असतं आणि तोही आधार डळमळतो. शिशाचं २.३४ चं शिखर गंधकाच्या २.३१ वर बसतं, आणि गंधक कातडीत आणि केसांत भरपूर असतं. म्हणून शिशासाठी १०.५५ चं शिखर पाहायचं, आणि तेवढी ऊर्जा मिळावी म्हणून झोत २० किलोव्होल्टच्या वर ठेवायचा. सगळ्यात घातक जोडी बेरियम आणि टायटॅनियमची: ४.४७ आणि ४.५१. एक जुन्या पद्धतीच्या टोपीची खूण, दुसरी शिसेविरहित टोपीची. इथे चूक झाली तर घराणंच बदलतं. बेरियमची ४.८३ आणि ५.१६ ची शिखरं योग्य प्रमाणात सोबत असतील तरच बेरियम म्हणायचं. तरी शंका उरली तर तरंगलांबीनुसार किरण वेगळे करणारा शोधक वापरावा, तो ही शिखरं सुटी करतो. जस्तही फसवतं. ते गोळीच्या वेष्टनातूनही येतं, म्हणून नुसत्या जस्तावरून टोपी ठरवू नये.

ऊती नायट्रिक आम्लात विरघळवून मोजल्या तर शिशाचे अगदी सूक्ष्म अंशही सापडतात, पण कोणतं मूलद्रव्य कोणाबरोबर एका कणात होतं ही माहिती कायमची जाते. त्यामुळे आधी कण, मग विरघळवणं.

कपड्यावर रंगाच्या चाचण्या करताना क्रम मोडायचा नाही: प्रथम दारूतल्या नायट्राइटसाठी ग्रीस नावाची चाचणी, मग तांब्यासाठी डायथायोऑक्झामाइड, शेवटी शिशासाठी सोडियम ऱ्होडिझोनेट. शिसं असेल तर शेवटच्या चाचणीत गुलाबी रंग येतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने तो निळा-जांभळा होतो.

नमुने प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बिघडतात, हे जास्त दुखतं. जीव वाचवताना जखम धुतली जाते, त्याला इलाज नाही. पण शर्ट कापताना कात्री गोळीच्या छिद्रातूनच फिरवायची गरज नसते. ओले रक्ताळलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की बुरशी धरते; ते सावलीत वाळवून, घड्यांमध्ये कोरा कागद घालून, कागदातच बांधायला हवेत.

कंपनी ओळखण्याचा दावा अमेरिकेत एकदा करून झाला आहे. गोळीच्या शिशातल्या अल्प अशुद्धी मोजून ती कोणत्या पेटीतली ते सांगायची पद्धत एफबीआयने अनेक वर्षं न्यायालयात वापरली. २००४ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने दाखवून दिलं की एकसारख्या शिशातून १२ हजारांपासून साडेतीन कोटींपर्यंत गोळ्या निघू शकतात. २००५ मध्ये ती पद्धत बंद झाली. आपल्याकडे अजूनही नार्को चाचणीची मागणी मोठ्याने होते आणि वाळवलेल्या शर्टाची चौकशी कोणी करत नाही, याची खंत वाटते.

गावठी कट्ट्याच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे. नळीत आधीच्या काडतुसांचा मळ साठलेला असतो आणि नव्या गोळीबरोबर तोही जखमेत जातो. म्हणून शस्त्र हाती लागलं तर त्याच शस्त्रातून, जप्त केलेल्याच काडतुसांनी, एकामागोमाग अनेक गोळ्या झाडून प्रत्येक वेळचे कण वेगळे तपासावे लागतात. शिवाय जखमेपासून लांबच्या कातडीचा आणि न वापरलेल्या चकतीचा नमुना सोबत नसेल, तर जखमेतलं शिसं गोळीचंच आहे असं अहवालात लिहिता येत नाही.