ब्रेक नसलेली मोटरसायकल थांबते कशी?

स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चौघा स्वारांची मोटरसायकल शर्यत. तिच्या व्हिडिओखाली एक ओळ हमखास येते: 'या गाड्यांना ब्रेक नसतात, म्हणून वळणावर त्या घसरतात; स्वार वाचतो तो केवळ नशिबाने.'

पहिला भाग खरा आहे. ५०० सीसीचं एक सिलिंडरचं, मिथेनॉलवर चालणारं इंजिन, एकच गिअर आणि ब्रेक खरंच नाहीत. त्यामुळे पुढचा अंदाज कुणालाही पटेल. पण घसरणं हीच इथली वळण्याची पद्धत आहे. स्वार थ्रॉटल देऊन मागचं चाक मुद्दाम बाहेर सरकवतो. डाव्या बुटाखालचा पोलादी तळ मातीवर टेकलेला असतो. वेग कमी करायचा तर थ्रॉटल सोडायचा; इंजिनाचा अवरोध आणि आडव्या चाकाचं घर्षण मिळून गाडी आवरतात. उलट, चौघे एकमेकांना खेटून धावताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा थेट त्याच्यावर आदळेल.

पडताळायचं असेल तर व्हिडिओ सावकाश चालवा. वळण डावीकडे, पण पुढचं चाक उजवीकडे रोखलेलं दिसेल, तेही प्रत्येक फेरीत. मनगटाला बांधलेली दोरीही शोधा: स्वार पडला की ती निघते आणि इंजिन बंद होतं. धोका आहेच, हाडं मोडतात. तरीही चाळिशीपर्यंत शर्यती खेळून निवृत्त झालेले स्वार पोलंड-ब्रिटनमध्ये बरेच भेटतील.